टिपणिसांच्या पूलचा हिवाळा

"पूलची काळजी तुम्ही सोडाच, प्रकाशराव. मी अख्खी जहाजं झोपवलीत, हा तर अंगणातला हौद आहे," असं गोपीनाथ सबनीस होणाऱ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात बसून म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या चित्राबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. नवरा या सुरात बोलू लागला की पुढे काहीतरी निस्तरावं लागतं, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

विषय तसा साधाच निघाला होता. प्रकाश आणि अरुणा टिपणीस मुलाला, म्हणजे अमेयला, घेऊन डिसेंबरभर पुण्याला चालले होते. साड्या, दागिने, नातेवाइकांच्या भेटीगाठी सगळं तिकडे उरकायचं आणि जानेवारीत परत आल्यावर सबनिसांच्या ईशाशी अमेयचा साखरपुडा करायचा, असं ठरलं होतं. साखरपुडा टिपणिसांच्या सेम्बावांगच्या घरीच. अंगणात छोटा का होईना, स्वतःचा पूल असलेलं घर सिंगापूरमधल्या मराठी माणसांत सहसा कुणाकडे नसतं, आणि अरुणाबाईंना त्या पाण्यावर दिवे सोडायचे होते.

आता महिनाभर पूलचं काय करायचं, एवढंच प्रकाशराव म्हणाले होते. पूल साफ करणारी माणसं दर आठवड्याला यायची, पण घर बंद असताना त्यांना फाटक कोण उघडणार? "तुम्ही इथे जवळच राहता. त्यांच्यासाठी तेवढं कुलूप काढलंत की झालं," ते म्हणाले.

कुलूप काढणं हे गोपीनाथरावांना काम वाटेना. उमेदीचा सगळा काळ जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून ते चीफ इंजिनिअर म्हणून किनाऱ्यावर आले होते, आणि आता एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या इंजिनांची चिंता वाहत होते. समोर व्याह्यांचं घर, व्याह्यांचा पूल, आणि आपण भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मुलीच्या सासरी बापाचं थोडं तरी वजन पडायला हवं. ते पाडायची ही चालून आलेली संधी आहे असं त्यांना वाटलं.

"त्या माणसांना महिनाभर सुट्टी द्या," ते म्हणाले. "वापरात नसलेलं जहाज आम्ही लेअप करतो. पाणी उतरवायचं, पंप सोडवून घ्यायचा, पाइपांना बुचं मारायची, सगळ्याला ग्रीस फासायचं आणि वरून झाकून टाकायचं. नॉर्वेच्या खाडीत मी एक जहाज हिवाळाभर असं झोपवलं होतं. उघडलं तेव्हा पहिल्या झटक्यात सुरू."

प्रकाशराव चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघायचे. मवाळ गृहस्थ. ज्या घरची मुलगी आणायची त्या घरच्या वडिलांना नाही म्हणणं त्यांना जमलं नाही, आणि त्यांनी किल्ली काढून दिली.

घरी आल्यावर गोपीनाथरावांनी अभ्यास सुरू केला. घरच्या पूलला हिवाळ्यासाठी कसं तयार करावं, याचे इंटरनेटवर ढीगभर व्हिडिओ होते, आणि त्यांतली पद्धत जहाजाच्या लेअपशी तंतोतंत जुळत होती. त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास आणखी वाढला.

"हा माणूस लोकरीची टोपी घालून बोलतोय," चित्राबाई मागून डोकावून म्हणाल्या.

"पद्धत बघ, टोपी कशाला बघतेस?"

"अहो, पण इथे हिवाळा कुठला?"

"डिसेंबर आहे की नाही?"

"डिसेंबर आहे. पण मी पंख्याखाली उभी राहून घाम पुसतेय."

"हिवाळा थंडीवर नसतो चित्रा, वापरावर असतो," गोपीनाथराव शांतपणे म्हणाले. "बर्फाचा जेवढा भाग आहे तेवढा मी गाळलाय. इतकाही मूर्ख नाही मी."

पुढच्या रविवारी त्यांनी एकट्याने टिपणिसांचा पूल झोपवला. पाणी निम्म्याच्या खाली उतरवलं. पाइपांच्या तोंडांना बुचं मारली. पंप सोडवला, त्याला चेपून ग्रीस भरलं आणि जुन्या चादरीत गुंडाळून भाजीच्या ट्रॉलीतून घरी आणला. मग ओळखीच्या शिपयार्डमधून मागून आणलेली जाड ताडपत्री पूलवर ताणली आणि चारी बाजूंनी अशा खलाशी गाठी मारल्या की वादळातही हलू नये. फोटो काढून दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून अरुणाबाईंनी लगेच लिहिलं, 'किती नीटनेटकं काम आहे हो तुमचं.' गोपीनाथरावांनी ते चित्राबाईंना वाचून दाखवलं, आणि त्या नुसत्याच हसल्या म्हणून परत एकदा वाचून दाखवलं.

संध्याकाळी ईशा बाहेरून आली आणि खोलीच्या दारातच थांबली. "बाबा, माझ्या बेडवर मोटर का झोपलीय?"

"पंप आहे तो. तुझ्या सासरचा. जरा मानाने वाग त्याच्याशी."

"ओके, बट तो माझ्या उशीवर लीक होतोय लाह," ईशा तिच्या सिंगापुरी लकबीत म्हणाली, आणि पंप परत जाईपर्यंत ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपली.

दोनच दिवसांनी पाऊस सुरू झाला. सिंगापूरला डिसेंबरात आणि जानेवारीत सगळ्यांत जास्त पाऊस पडतो, हे गोपीनाथरावांना माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी या दिवसांत ते छत्री घेऊनच ऑफिसला जायचे. पण छत्रीवर पडणारा पाऊस ताडपत्रीवरही पडणार, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. पावसाने उसंत घेतल्यावर ते सेम्बावांगच्या त्या घरी गेले, तर ताडपत्री मधोमध पोटासारखी खाली आलेली आणि तिच्यात काठोकाठ पाणी. म्हणजे पूलवर दुसरा पूल तयार झाला होता. एखादी गाठ सुटली असती तरी पाणी वाहून गेलं असतं, पण गाठी चीफ इंजिनिअरने मारलेल्या होत्या.

पाणी उपसायला पंप हवा. पंप ग्रीस पिऊन ईशाच्या उशीवर. शेवटी बादली आणली, पण अर्ध्या तासात कंबर धरली आणि ऊन पडलं की आटेल, अशी स्वतःची समजूत घालून ते घरी आले. ऊन पडलं ते दोन सरींच्या मधे, जेमतेम कपडे वाळण्यापुरतं.

"त्या पूलवाल्यांना बोलवा ना," चित्राबाई म्हणाल्या. "नाहीतर प्रकाशरावांना तरी फोन करून सांगा."

"काय सांगू? मी अख्खी जहाजं झोपवली, पण तुमचा हौद काही मला जमेना?"

"तेच सांगा. खरं तेच आहे ना?"

खरं तेच होतं, आणि म्हणूनच ते सांगवेना. दोन दिवसांनी अरुणाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. दुकानात दिवे बघत होत्या, पाण्यावर किती मावतील त्याचा अंदाज हवा होता. "तुम्ही पूलपाशीच आहात ना? जरा कॅमेरा फिरवा," त्या म्हणाल्या. गोपीनाथरावांनी कॅमेरा बोगनवेलीवर धरला, मग आकाशावर धरला, आणि नेट जातंय असं म्हणून फोन बंद केला. विहीणबाईंशी बोललेलं हे पहिलंच खोटं. त्यांचे कान तापले आणि बराच वेळ तापलेलेच राहिले.

त्याच आठवड्यात शेजारच्या मिसेस तान भिंतीवरून डोकावल्या. "अंकल, युवर साइड मॉस्किटो सो मेनी. माय लेग ऑल रेड ऑलरेडी. यू कीपिंग फिश इज इट?"

"नो, नो. मेंटेनन्स," गोपीनाथराव म्हणाले आणि खाली वाकून ताडपत्रीतल्या पाण्यात बघू लागले. पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं, आणि ते मासे नव्हते.

शनिवारी ते आणि चित्राबाई दोन बादल्या घेऊन पोचले, आणि मागोमाग फाटकावर डेंगीची तपासणी करणारी माणसं येऊन उभी राहिली. त्यांतली मुख्य एक तरुण मुलगी होती, ईशाच्याच वयाची असेल. तिने ताडपत्रीतलं पाणी पळीने काढलं, टॉर्च मारून बघितलं, एका छोट्या बाटलीत भरलं आणि फोटो काढले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं गोपीनाथरावांना वाटून गेलं.

"अंकल, व्हाय यू कव्हर द पूल?"

"फॉर विंटर," गोपीनाथराव म्हणाले.

मुलीचं लिहिणं थांबलं. तिने वर बघितलं. ऊन नुकतंच पडलं होतं आणि गोपीनाथरावांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. "सॉरी अंकल," ती अगदी आदराने म्हणाली, "व्हिच विंटर?"

गोपीनाथरावांनी खिशातून रुमाल काढून हनुवटी पुसली. चित्राबाई बोगनवेल बघत होत्या. भिंतीपलीकडे मिसेस तान उघड उघड उभ्या होत्या.

"जनरल विंटर," गोपीनाथराव म्हणाले.

मुलीने तेही लिहून घेतलं. नोटीस घरमालकाच्या नावावर जाईल असं तिने सांगितल्यावर मात्र ते तिच्यामागे लागले. चूक माझी आहे, माझ्या नावावर पाठवा, असं म्हणत त्यांनी हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. "हाऊस नॉट युवर नेम, अंकल. कॅनॉट," ती म्हणाली, आणि ताडपत्री आजच्या आज काढून टाकायला सांगून पुढच्या घराकडे गेली.

आजच्या आज म्हटल्यावर गोपीनाथरावांनी घाई केली. गाठी सुटेनात म्हणून सुरी आणून दोर कापले. एका बाजूचे दोर कापल्याबरोबर ताडपत्रीतलं सगळं पाणी, कुजलेला पाला, अळ्या आणि कुठून तरी आलेला एक बेडूक असं सगळं खालच्या पाण्यात गेलं. संध्याकाळी पंप आणून बसवला. त्यांचा शब्द खरा ठरला, पंप पहिल्या झटक्यात सुरू झाला आणि त्याने पोटातलं सगळं ग्रीस पूलमध्ये ओकून टाकलं. पाण्याला ताकातल्या पालकाचा रंग आला, वर तेलाचा तवंग. चित्राबाईंनी दोन्ही बादल्या उचलल्या आणि त्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

शेवटी पूलवाल्यांनाच बोलावलं. त्यांनी औषधं मारली. अळ्या मेल्या, डास गेले, तवंगही निघाला. हिरवा रंग मात्र जाईना. साखरपुड्यापर्यंत जाणारही नाही, असं त्यांनी सांगितलं.

टिपणीस परत आले त्या दिवशी गोपीनाथराव कबुलीजबाब पाठ करून गेले. प्रकाशराव पूलच्या काठावर पाठीमागे हात बांधून उभे होते. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग व्याह्यांकडे बघितलं.

"प्रकाशराव, मला जरा बोलायचंय."

"पाऊस फार झाला म्हणे यंदा," प्रकाशराव म्हणाले.

"हो, पण..."

"चला आत. अरुणाने बाकरवडी आणलीय."

एवढंच. पाठ केलेलं सगळं घशात राहिलं आणि त्यावर बाकरवडी खावी लागली. घरी आल्यावर ईशाने खुलासा केला. "बाबा, त्यांना सगळं माहितीय. नोटीस पुण्यातच फोनवर आली होती, विथ फोटो. फोटोत तू पण आहेस, बादली घेऊन. तुला ऑकवर्ड नको म्हणून अंकल काही बोलणार नाहीत, असं अमेय म्हणाला. सो प्लीज, तूही काही बोलू नकोस."

गोपीनाथरावांना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. व्याह्यांनी चार शब्द सुनावले असते तर ऐकून घेता आले असते, थोडं भांडताही आलं असतं. या चांगुलपणाचं काय करायचं ते त्यांना कळेना. ज्यांच्यापुढे वजन पाडायला निघालो त्यांनी आपल्याला उचलून खांद्यावर घेतलं, आणि तेही कुणाला न सांगता, या विचाराने त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

साखरपुड्याच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. दिवे पाण्यावर न सोडता काठाने ओळीत ठेवले होते, त्यामुळे हिरवं पाणी आणखीच उजळून दिसत होतं. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, ताटं वाढली गेली. आणि अरुणाबाईंचे भाऊ श्रीनिवास हातात ताट घेऊन पूलकडे वळले. श्रीनिवास वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि थट्टा करायला त्यांना माणूस लागायचा.

मिसेस तान यांच्याकडून निघालेली गोष्ट तोवर अर्ध्या सिंगापूरच्या मराठी मंडळींत फिरून आली होती. फिरता फिरता तिच्यातला अंकल गळला होता आणि घर तेवढं राहिलं होतं, म्हणून सगळा ठपका घरमालकावर आला होता. "काय भाऊजी," श्रीनिवास सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पूलला थंडी वाजत होती म्हणे. एखादं स्वेटर विणायचं ना."

अंगण हसलं. प्रकाशरावही हसले. "झाला खरा वेंधळेपणा," ते म्हणाले.

"विषुववृत्तावर हिवाळा! भाऊजी, तुम्ही बँकेचे कॉम्प्युटर सांभाळता ना? माझे पैसे आहेत हो तिथे."

परत हशा. अरुणाबाईंचा चेहरा उतरला होता. अमेय ताटात बघत होता. प्रकाशरावांच्या तोंडावर तेच मवाळ हसू होतं, पण त्यांचे कान लाल झालेले गोपीनाथरावांना दिसले. कान कसे तापतात हे त्यांना आता चांगलं माहीत होतं. ईशाने डोळ्यांनी खूण केली की नको. चित्राबाईंनी मात्र त्यांच्या हातातलं ताट आपल्या हातात घेतलं, आणि गोपीनाथराव उठून उभे राहिले.

"एक मिनिट," ते म्हणाले. "हे प्रकाशरावांनी केलेलं नाही. मी केलंय."

श्रीनिवासांच्या हातातला घास परत ताटात गेला.

"ते पुण्यात होते. किल्ली माझ्याकडे होती. पूलवाल्यांना सुट्टी मी द्यायला लावली. पाणी मी उतरवलं. पाइपांना बुचं मी मारली, पंपात ग्रीस मी भरलं, ताडपत्री मी बांधली. तपासणीला आलेल्या मुलीला हिवाळा आहे असं मीच सांगितलं. यांच्या नावावर नोटीस गेली ती माझ्यामुळे. मला फार लाज वाटतेय."

बोलून झालं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता हसतील. हसू देत. गोपीनाथराव मान खाली घालून हशाची वाट बघत उभे राहिले.

हशा आला नाही. बघतात तर श्रीनिवास डोळे पुसत होते.

"याला म्हणतात व्याही," श्रीनिवास म्हणाले. "भाऊजींची फजिती यांना बघवली नाही. स्वतःच्या अंगावर घेतलं सगळं."

"नाही हो, खरंच मी केलंय," गोपीनाथराव म्हणाले.

"बघा, अजून सोडत नाहीत. अहो, नॉर्वेत जहाजं सांभाळलेला माणूस सिंगापूरच्या पूलमध्ये ग्रीस भरेल? कुणाला खरं वाटेल हे?"

"पंपात भरलं, पूलमध्ये नव्हे. आधी चेपून भरलं, मग चादरीत..."

"सगळे तपशीलसुद्धा विचारून ठेवलेत," कुणीतरी हळूच म्हणालं, आणि दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

गोपीनाथरावांनी शेवटचा उपाय म्हणून बायकोकडे बघितलं. "चित्रा, तू सांग यांना. तू होतीस ना तिथे."

"होते," चित्राबाई ठामपणे म्हणाल्या. "यांनीच केलंय. मी नको नको म्हणत होते."

"आणि वहिनीही तशाच," श्रीनिवास भरल्या गळ्याने म्हणाले. "नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाहीत."

टाळ्या पडल्या. ईशाने कपाळाला हात लावला. टाळ्या थांबल्या तेव्हा खुर्चीत बसलेल्या शैलाआत्या, म्हणजे प्रकाशरावांना लहानाचं मोठं केलेल्या त्यांच्या आत्या, काठी टेकत उठल्या आणि थेट भाच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"प्रकाश, आधी मला वाटलं नुसता वेंधळेपणा केलायस. पण साखरपुड्याच्या दिवशी मुलीच्या बापाला चार लोकांत उभं करून तुझी चूक कबूल करायला लावलीस? तोंडातून एक शब्द निघाला नाही तुझ्या? लाज नाही वाटत?"

"वाटते, आत्या," प्रकाशराव म्हणाले.

"माफी माग त्यांची."

प्रकाशराव चालत गोपीनाथरावांपाशी आले. सगळं अंगण बघत होतं. त्यांनी हात जोडले, मोठ्याने माफी मागितली, आणि टाळ्यांच्या दुसऱ्या कडकडाटात व्याह्यांना मिठी मारली. मिठीतच ते त्यांच्या कानाशी आले.

"गोपीनाथराव," ते कळवळून म्हणाले, "आता मेहेरबानी करून मला आणखी वाचवू नका."

"नाही," गोपीनाथराव म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.